प्रत घेतल्याची सही

या माणसाबद्दल लिहायचं मी सात वर्षं टाळलं. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचा वार्षिक अंक निघतो. दर वर्षी संपादक मागे लागतात, "सेक्रेटरी, तुमचा लेख?" आणि दर वर्षी मी सकाळी चालण्याचे फायदे लिहून देऊन मोकळा होतो. चालण्याच्या फायद्यांवर माझे सहा लेख छापून आले आहेत. आता गुडघ्यांमुळे चालणंच बंद झालंय, त्यामुळे तोही विषय हातचा गेला. राहिला हा एकच.

त्यांचं नाव लिहीत नाही. मंडळात त्यांना सगळे 'केबिनवाले' म्हणत, तेच ठेवतो. रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली होती. मूळचे मराठवाड्यातले, निवृत्तीनंतर भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये लेकीकडे राहायला आलेले. बुटका, ताठ माणूस, पांढरा बुशशर्ट. मनगटावर घड्याळ, तेही आतल्या बाजूनं बांधलेलं. मंडळात ते घेत तो कॉम्प्युटरचा वर्ग चारला असेल तर हे पावणेचारला येत आणि दाराबाहेर उभे राहत. आत या म्हटलं तर म्हणत, "अजून टाइम झाला नाही." चारच्या ठोक्याला आत पाऊल.

मंडळाची खोली पेणकरपाड्यात, एका इमारतीच्या तळमजल्यावर. एका बंद पडणाऱ्या ऑफिसनं आम्हाला पाच जुने कॉम्प्युटर दान दिले होते. दान म्हणजे त्यांनी अडगळ काढली आणि आम्ही हार घालून घेतली. सुरू व्हायला एकेक यंत्र इतका वेळ घेई की आमचे अध्यक्ष बटण दाबून बागेत एक फेरी मारून येत. परत आले तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतच असे.

केबिनवाले सभासद व्हायला आले तेव्हा असाच एक कॉम्प्युटर गरगरत होता. फॉर्म भरता भरता त्यांचं लक्ष तिकडे.

"हे कशाची वाट बघायलंय?" त्यांनी विचारलं.

"मेलंय ते," अध्यक्ष म्हणाले. "भंगारात देणार आहोत."

"मेलं नाही. पोटात ओझं जास्त झालंय. उतरवू की."

दुसऱ्या दिवशी ते स्टीलचा डबा घेऊन आले. आम्हाला वाटलं, नवा सभासद आहे, शिरा आणला असेल. डब्यात हातरुमालाच्या घडीत एक पेन ड्राइव्ह होता. त्यात लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकट मिळणारी प्रणाली. पुढचा तासभर आम्ही सात-आठ म्हातारे त्या पडद्याभोवती बारशाला जमल्यासारखे उभे होतो. यंत्र सुरू होताना एक कळ पटापट दाबावी लागते, ते काम त्यांनी शाहबेनना दिलं. शाहबेन आमच्या सर्वांत उत्साही सभासद. त्यांनी ती कळ अशी बडवली की केबिनवाले म्हणाले, "बेन, दार उघडलंय. आता आत चला."

पुढे जगाचा नकाशा आला. तुम्ही कुठे राहता, असं यंत्र विचारत होतं. पेणकरपाड्याचेच जुने रहिवासी पाटीलकाका पुढे सरसावले. त्यांनी चष्मा वर करून मुंबईच्या जागी बरोबर बोट ठेवलं. यंत्रानं उत्तर दिलं, कोलकाता.

"कलकत्ता?" पाटीलकाका भडकले. "आमी सात पिढ्या पेणकरपाड्याला हाव. या डब्याला कोन सांगेल?"

"काका, घड्याळ सगळ्या देशाला एकच आहे," केबिनवाले म्हणाले. "नाव कलकत्त्याचं, टाइम तुमचाच."

"टाइम माझा, मंग नाव पन माझं पायजे," पाटीलकाका म्हणाले, पण बाजूला झाले.

शाहबेनना वेगळीच शंका. "केबिनभाई, आ फ्रीमध्ये आहे ना? पछी बिल येणार नाही ना?"

"नाही बेन. ही विहीर आहे. ज्यांनी खणली त्यांनी खणली. ज्याला पाणी पाहिजे त्यानं काढावं, ज्याला जमेल त्यानं गाळ उपसावा. कुणालाच शिवायची मनाई नाही." जरा थांबून म्हणाले, "आमच्या गावात अशी नव्हती. इथं आहे."

पडद्यावरची पट्टी भरत गेली आणि यंत्र अर्ध्या मिनिटात सुरू झालं. अध्यक्ष सवयीनं बागेत निघाले होते, त्यांना दारातून परत बोलवावं लागलं.

तेव्हापासून मंगळवार-गुरुवार चार ते पाच वर्ग सुरू झाला. पहिल्याच दिवशी त्यांनी पाचही माउस गोळा करून टेबलाच्या खणात टाकले आणि खण बंद केला. शेपट्या तेवढ्या बाहेर लोंबत राहिल्या. पडद्यावर काळी चौकट उघडली आणि म्हणाले, "आता इथं लिहायचं."

"चित्रं कुठे गेली?" मी विचारलं.

"चित्रावर बोट ठेवून काम होतं ते मला पटत नाही. चित्र दिसतं एक आणि आत होतं भलतंच. लिव्हर ओढली की तार ताणती, तार ताणली की सिग्नल पडतो. मधलं सगळं हाताला कळतं. हे तसं आहे."

त्यांचं सगळं शिकवणं रेल्वेतून येई. पहिली आज्ञा पीडब्ल्यूडी. मी सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस, मला रस्ते-पुलांचं खातंच आठवलं. ते म्हणाले, "ही आज्ञा दिली की आपण कुठं उभे आहोत ते मशीन सांगतं. गाडी हलवायच्या आधी आपण कुठल्या रुळावर आहोत ते बघायचं. बारा आणे अपघात तिथंच टळतात." एलएस म्हणजे यार्डात काय काय उभं आहे ते बघणं. सीडी म्हणजे रूळ बदलणं. सुडो म्हणजे स्टेशनमास्तरची चावी, ती उगाच मागायची नाही. आणि आरएम म्हणजे डबा तोडणं. "तोडलेला डबा परत जोडता येत नाही. इथं केराची टोपली नाही, की वाटलं तर उचलून घेतला."

त्यांच्या हातात कायम एक पिवळं फडकं असे. केबिनमध्ये लिव्हरला उघडा हात लावायचा नाही, घामानं लोखंडाला गंज चढतो, म्हणून फडक्यानं धरायची. चाळीस वर्षांची सवय. हे गृहस्थ एंटरची कळसुद्धा फडकं गुंडाळलेल्या बोटानं दाबत. बाकीची अक्षरं उघड्या बोटांनी चालत. मी एकदा विचारलं, एंटरलाच का? म्हणाले, "बाकीचं नुसतं बोलणं आहे. एंटर म्हणजे लिव्हर."

आणि आज्ञा मोठ्यानं म्हणायची. एकानं म्हणायची, शेजाऱ्यानं ऐकून परत म्हणायची, मग पहिल्यानं विचारायचं, "लाइन क्लिअर?" शेजाऱ्यानं "लाइन क्लिअर" म्हटलं तरच एंटर. दहा म्हातारे एका सुरात आज्ञा घोकत असले की बाहेरून जाणारे लोक चपला काढून आत डोकावत, प्रसाद कधी आहे म्हणून. शाहबेन म्हणत, "एकदम भजनासारखं लागे छे." त्यांचे यजमान एकदा मला रिक्षा स्टँडवर भेटले. म्हणाले, "साहेब, बायकोला काय शिकवलंत? कुकर उघडायच्या आधी मला स्वयंपाकघरात बोलावते आणि लाइन क्लिअर विचारते. मी हो म्हटल्याशिवाय जेवण नाही."

धोक्याच्या आज्ञेला नुसतं 'लाइन क्लिअर' पुरत नसे. तिथे प्रायव्हेट नंबर लागे. ही रेल्वेचीच पद्धत. एका केबिननं दुसरीला फोनवर हो म्हटलं, एवढ्यावर भागत नाही. जवळ आकड्यांचा एक कागद असतो. हो म्हणताना त्यातला एक आकडा द्यायचा, दोघांनी तो आपापल्या रजिस्टरात लिहायचा आणि कागदावरून खोडायचा. मग 'मी म्हणालोच नव्हतो' असं कुणाला म्हणता येत नाही. केबिनवाल्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर आम्हा प्रत्येकाला असा कागद हातानं लिहून दिला होता. पाटीलकाका तो टोपीत ठेवत. मी पाकिटात ठेवायचो, बायकोच्या फोटोच्या मागे.

बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगा बंगळुरूला. सकाळी चहा केला की संध्याकाळपर्यंत बोलायला माणूस नाही, असे दिवस. मंडळाचा सेक्रेटरी झालो आणि सकाळी दाढी करायला कारण मिळालं. हे मुद्दाम सांगतो, पुढे लागेल म्हणून. सबब म्हणून सांगत नाही.

एका गुरुवारी शाहबेननी आरएमचा सराव करताना अध्यक्षांचं पंधरा ऑगस्टचं भाषण तोडून टाकलं. सतरा पानांचं होतं. त्या वर्षी झेंडावंदन दहा मिनिटांत आटोपलं, लोकांना उन्हाच्या आधी वडापाव मिळाला आणि तीन सभासदांनी मला बाजूला घेऊन विचारलं की ती आज्ञा नेमकी कशी लिहायची. अध्यक्ष मात्र महिनाभर शाहबेनशी बोलले नाहीत.

केबिनवाल्यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. ते एक वेगळी डिस्क घेऊन आले आणि एक लांबट रजिस्टर. नियम केला, दर शनिवारी मुख्य कॉम्प्युटरवरचं सगळं या डिस्कवर उतरवून प्रत घ्यायची. सुरुवात किती वाजता, शेवट किती वाजता, कुणी घेतली, सही. पंचवीस मिनिटांचं काम. ते त्यांनी माझ्याकडे दिलं.

"तुम्ही कचेरीतले," म्हणाले. "तुम्हाला रजिस्टरची किंमत आहे."

मला किंमत होती, पण ती त्यांना वाटत होती ती नव्हती. आमच्या कचेरीत मस्टर ही आठवड्यातून एकदा, सोमवारी, मागच्या सगळ्या दिवसांची भरायची वस्तू होती. रजिस्टर पुरं असलं की काम पुरं. तपासणीला साहेब आले की ते रजिस्टर बघत, काम कोण बघतो?

त्याच सुमारास मंडळाची स्मरणिका काढायचं ठरलं. प्रत्येक सभासदानं आपली एक आठवण स्वतः टाइप करायची, मराठीत, त्या काळ्या चौकटीतच उघडणाऱ्या साध्या एडिटरमध्ये. अडतीस जणांनी नावं दिली. शेजाऱ्याला वाचून दाखवून, लाइन क्लिअर विचारून, एकेक ओळ पुढे सरकत होती. शाहबेननी त्यांच्या लग्नाची वरात लिहिली, गुजराती, मराठी आणि हिंदी तिन्हींची खिचडी. पाटीलकाकांनी काय लिहिलं, ते महिनाभर कुणाला दाखवलं नाही. एका बोटानं टाइप करत. मग एकदा मला वाचायला दिलं. त्यांच्या बापाच्या वेळची सगळी मिठागरं, एकेक आगराचं नाव, कुठल्या आगराला खाडीचं पाणी कुठल्या उघाडीच्या दारातून यायचं, बांधावर कोण बसायचं, कुठे भूत होतं आणि त्या भुताला काय आवडायचं. आज तिथे सगळे टॉवर आहेत. मी म्हटलं, "काका, हे कुठेच लिहिलेलं नाही."

"म्हनून तं लिवलं," ते म्हणाले. "आता माज्या डोक्यात ठेवायची गरज न्हाय. डबा ठेवील."

आता माझं.

पहिले काही शनिवार मी इमानानं प्रत घेतली. मग एका शनिवारी भाईंदरला जेवणाचं आमंत्रण होतं. डिस्क लावायला वेळ नव्हता. रजिस्टरात लिहिलं, 'चार दहा ते चार पस्तीस', सही केली आणि गेलो. पुढच्या शनिवारी बघितलं, काहीच बिघडलं नव्हतं. जग तसंच होतं. म्हणून त्याही शनिवारी सहीच केली. मग सोय म्हणून एका बैठकीत पुढच्या चार शनिवारांचे रकाने भरून टाकले. कारकुनी कसब असं सहज जात नाही. वेळा दोन-तीन मिनिटांनी बदलल्या. एका ठिकाणी 'वीज गेल्याने विलंब' असा शेरा मारला. दोन वेगळी पेनं वापरली. असे दहा शनिवार झाले.

एका मंगळवारी केबिनवाल्यांनी ते रजिस्टर वर्गात उघडून सगळ्यांसमोर धरलं. ते म्हणाले, "हे बघा. याला म्हणतात रजिस्टर. विलंब झाला तर विलंब लिहिला. आमच्या केबिनीत असा माणूस मिळाला असता तर मी निवांत झोपलो असतो." टाळ्या झाल्या. मी नमस्कारसुद्धा केला.

स्मरणिका छापखान्यात जायच्या आठवडाभर आधी त्यांनी मुख्य कॉम्प्युटरवर लिनक्सची नवी आवृत्ती घालायचं ठरवलं. जुनीला आता दुरुस्त्या मिळणार नव्हत्या. बाकीची चार यंत्रं त्यांनी आधीच करून ठेवली होती. यावर स्मरणिका होती, म्हणून हे शेवटी. डिस्क पूर्ण पुसायची, नवी प्रणाली घालायची आणि प्रतीवरून सगळं परत आणायचं. सोहळाच होता. सगळा वर्ग हजर. शाहबेननी ढोकळा आणला होता. पुसायच्या आधी केबिनवाल्यांनी फडकं बोटाला गुंडाळलं आणि माझ्याकडे वळले.

"सेक्रेटरी. प्रत?"

"आहे," मी म्हणालो.

"शेवटची कधीची?"

रजिस्टर माझ्या हातात उघडं होतं. मी वाचून दाखवलं, "गेल्या शनिवारची. चार बारा ते चार सदतीस."

"प्रायव्हेट नंबर द्या."

इथे मी थांबू शकलो असतो. 'एक मिनिट, आत्ता घेतो प्रत' एवढंच म्हणायचं होतं. पंचवीस मिनिटं ढोकळा थंड झाला असता. सगळे बघत होते, दोन आठवड्यांपूर्वीच्या टाळ्या अजून कानात होत्या. मी पाकीट काढलं, कागद उलगडला आणि म्हणालो, "सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीस," त्यांनी लिहिलं. मग वर्गाला विचारलं, "लाइन क्लिअर?"

"लाइन क्लिअर!" सगळे ओरडले. माझाही आवाज त्यात होता.

त्यांनी एंटर दाबलं.

नवी प्रणाली छान बसली. नकाशात पाटीलकाकांनी पुन्हा मुंबईला बोट लावलं, यंत्र पुन्हा कोलकाता म्हणालं, सगळे हसले. मग केबिनवाल्यांनी प्रतीची डिस्क लावली आणि काय काय आहे ते बघायची आज्ञा दिली. अडतीस नावं यायला हवी होती. सहा आली.

त्यांनी तीच आज्ञा पुन्हा दिली, या वेळी तारखांसकट. सहाही नावांपुढे अडीच महिन्यांपूर्वीची तारीख. ते त्या तारखांकडे बघत राहिले. मग शेजारी पडलेलं माझं रजिस्टर त्यांनी ओढून घेतलं, शेवटचं पान बघितलं, मागचं बघितलं. 'वीज गेल्याने विलंब' यावर त्यांचं बोट क्षणभर थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

"काय झालं?" अध्यक्ष म्हणाले. "माझी आठवण कुठाय?"

केबिनवाल्यांनी रजिस्टर बंद केलं. उभे राहिले. ते बोलायला नेहमीच उभे राहत. "चूक माझी," म्हणाले. "पुसायच्या आधी प्रत उघडून बघणं माझं काम होतं. मी बघितलं नाही. मजकूर गेला."

"परत आणा की मग."

"येत नाही, साहेब."

पाटीलकाका जागेवरच होते. त्यांनी टोपीतून तो आकड्यांचा कागद काढला, टेबलावर ठेवला आणि निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "येकदा सांगितलं. आता न्हाय." शाहबेननी पुढे त्यांची वरात पुन्हा लिहिली, आणखी दोन मामा घालून. वीसेक जणांनी लिहून दिलं. पाटीलकाकांनी पुन्हा कळेला बोट लावलं नाही, सांगूनही काही दिलं नाही. ती आगरं गेली ती गेली.

सगळे पांगल्यावर केबिनवाले पायऱ्यांवर माझ्यासाठी थांबले होते. मी त्यांच्या जवळून मान खाली घालून जात होतो. त्यांनी रजिस्टर माझ्या हातात दिलं.

"हे घरी ठेवा," म्हणाले. "इथं राहिलं तर कुणीतरी तारखा जुळवून बघंल."

मी ते पिशवीत घातलं.

"माझ्या घरी मशीन आहे, सेक्रेटरी. लेक आहे, नात आहे. तुम्हाला हे मंडळच आहे." घड्याळात बघितलं. "पाच वाजून गेले. येतो."

आठवड्यानं कार्यकारिणीची सभा झाली. ते आले नाहीत, 'चूक मान्य आहे' एवढी चिठ्ठी पाठवली. अध्यक्ष म्हणाले, "फुकटची वस्तू आणि फुकटचा मास्तर, दुसरं काय होणार?" पंधरा ऑगस्टच्या भाषणाचा राग अजून होताच. एका सभासदानं त्यांच्या आडनावावरून एक वाक्य उच्चारलं. ते मी इतिवृत्तात घेतलं नाही आणि घरी जाताना मला वाटलं की केवढा सभ्यपणा केला आपण. इतिवृत्तात जे घेतलं ते असं, माझ्याच अक्षरात: 'वर्ग चालवणाऱ्या सभासदांच्या निष्काळजीपणामुळे स्मरणिकेचा मजकूर नष्ट झाला. सबब संगणक वर्ग बंद करण्यात यावा.' ठरावाला अनुमोदक हवा होता. तोही मीच.

'निष्काळजीपणामुळे' हा शब्द सभेत कुणीही वापरला नव्हता. तो माझा. कचेरीत मसुदे लिहिण्यात माझा हात कुणी धरत नसे.

त्यानंतर मंडळात ते कधी आले नाहीत. मी मात्र त्यांच्याकडे गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी स्वतः दार उघडलं, आनंदानं. "या या सेक्रेटरी! काय काम काढलं?" मी म्हणालो, "घरचा प्रिंटर चालत नाही." प्रिंटर माझ्याकडे नव्हताच. दोन दिवसांनी ते बघायला येतो म्हणाले, तेव्हा मला धावत जाऊन शाहबेनचा प्रिंटर उसना आणावा लागला. तो चांगला चालत होता, म्हणून मी त्याची एक वायर सैल करून ठेवली. ते आले, खाली वाकून वायर घट्ट बसवली, फडक्यानं हात पुसले, बिनसाखरेचा चहा घेतला. "एवढंच होतं," म्हणाले. मी हो म्हणालो.

दुसऱ्यांदा फोन केला. "एक सांगायचं होतं," मी सुरुवात केली. "सांगा की," ते म्हणाले. पलीकडे त्यांची नात काहीतरी मोठ्यानं वाचत होती, ते तिला थांबवून ऐकायला लागले. मी मंडळाच्या तिळगूळ समारंभाचं आमंत्रण दिलं. ते आले नाहीत, पण लेकीच्या हातून तिळाच्या वड्या पाठवल्या.

गेल्या वर्षी शाहबेननी सांगितलं की ते आजारी आहेत, फार दिवस नाहीत. त्याच दुपारी मी मीरा रोडहून रिक्षा करून इंद्रलोकला गेलो. या वेळी प्रिंटर नाही, तिळगूळ नाही, असं स्वतःला बजावून. लेकीनं आत नेलं. ते उशीला टेकून बसले होते, खूप बारीक झाले होते. मला ओळखलं. लेक पाणी आणायला गेली, खोलीत आम्ही दोघंच. याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती.

तेच आधी बोलले. "मंडळातली मशीनं चालतात का, सेक्रेटरी?"

ती पाचही मशीनं आम्ही चार वर्षांपूर्वी भंगारात दिली होती. पावती माझ्या सहीची.

"चालतात," मी म्हणालो. "एकदम झटपट सुरू होतात."

"आणि वर्ग?"

"तोही चालतो. शाहबेन घेतात."

त्यांचा चेहरा उजळला. "बेनला आरएम देऊ नका," म्हणाले आणि हसले. हसताना खोकला आला, लेक धावत आली, आणि माझी वेळ संपली. तेरा दिवसांनी ते गेले. मंडळात शोकसभा झाली. दुखवट्याचा ठराव मी लिहिला, 'मंडळाचे हितचिंतक' असा. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्यांच्या वक्तशीरपणावर दोन शब्द बोललो.

या महिन्यात मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला. त्या सभेच्या इतिवृत्तात दुरुस्ती करावी असा अर्ज सोबत जोडला आहे, रजिस्टरही जोडलं आहे. अध्यक्ष म्हणाले, "आता कशाला, माणूस गेला." पाटीलकाकांच्या घरी जाऊनही सगळं सांगितलं. त्यांनी दारातच ऐकून घेतलं आणि आत या म्हणाले नाहीत.

मसुदा करायची सवय जात नाही. त्या दुपारी रिक्षात, मीरा रोडपासून इंद्रलोकपर्यंत, मी काय बोलायचं ते पाठ करत होतो. चार वेळा शब्द बदलले. 'साहेब' म्हणून सुरू करावं की नाही, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. बाकीचं ठरलं होतं, ते असं: मी दहा शनिवार प्रत घेतली नाही, नुसती सही केली. तुम्ही विचारलंत तेव्हा सगळ्यांसमोर खोटं बोललो. तुम्ही माझं नाव झाकलंत आणि मी ठरावात तुम्हाला निष्काळजी ठरवून बदनाम केलं. माझं चुकलं. मला माफ करा.